लेन्स टोचते? आधी पापणीची कड तपासा

सकाळी घातलेली लेन्स दुपारपर्यंत बरी असते. तीनच्या सुमारास डोळ्यात कुसळ गेल्यासारखं खुपायला लागतं, मधूनच धुरकट दिसतं, चारदा पापण्या मिटल्या की पुन्हा साफ. अशा वेळी लोक आधी सोल्यूशन बदलतात, मग लेन्सची कंपनी बदलतात आणि शेवटी 'मला लेन्स सोसत नाही' म्हणून डबी कपाटात ढकलतात. यातल्या बऱ्याच जणांच्या लेन्समध्ये काही खोट नसते. बिघाड असतो तो पापणीच्या कडेला, जिथून केस उगवतात त्या जेमतेम दोन मिलिमीटरच्या पट्टीत. त्या कडेला आलेली सूज म्हणजे ब्लेफरायटिस. ती असेपर्यंत कितीही महागडी लेन्स डोळ्यात सुखाने बसत नाही.

असं का, ते समजलं तर पुढची सगळी उस्तवार सोपी वाटते. वरच्या पापणीत साधारण २५ ते ४० आणि खालच्या पापणीत २० ते ३० उभ्या तेलग्रंथी असतात. हाइनरिश माइबोम या जर्मन वैद्याने १६६६ साली त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्यांना मायबोमियन ग्रंथी म्हणतात. प्रत्येक उघडझापीला त्या किंचित तेल सोडतात आणि लोणच्यावर तेलाचा थर असतो तसा त्याचा पातळ पापुद्रा अश्रूंवर पसरतो. तो असला की खालचं पाणी उडून जात नाही. कड सुजली की हे तेल दाट होतं, डिसेंबरातल्या पहाटे बाटलीतलं खोबरेल थिजतं तसं, आणि ग्रंथींची तोंडं बुजतात. तेल नसलेले अश्रू भराभर सुकतात. त्यात सॉफ्ट लेन्स स्वतः पाणी धरून असते, तीही सुकते, तिची कड पापणीला घासते, पापणी आणखी सुजते. हे चक्र लेन्स बदलून तुटत नाही.

हा झाला कडेच्या मागच्या बाजूचा आजार. पुढच्या बाजूला, केसांच्या मुळांशी, वेगळा प्रकार होतो. डोक्यात कोंडा असणाऱ्यांच्या पापण्यांवर तसाच तेलकट कोंडा दिसतो. स्टॅफिलोकॉकस जंतू वाढले तर कोरड्या, ओढल्या तर टोचणाऱ्या खपल्या धरतात. तिसरा मानकरी म्हणजे डेमोडेक्स, केसांच्या मुळाशी राहणारा, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा किडा. तो बहुतेकांच्या अंगावर थोडाफार असतोच, त्यामुळे नाव ऐकून दचकू नका. संख्या वाढली की त्रास होतो. एकाच माणसाला पुढचा आणि मागचा, दोन्ही प्रकार असणं नेहमीचंच.

आरशासमोर पाच मिनिटं

लेन्स काढा, हात धुवा. खिडकीशी उभे राहा किंवा मोबाईलचा टॉर्च बाजूने धरा, थेट डोळ्यात नाही. आधी खाली बघून वरच्या पापणीच्या केसांची मुळं न्याहाळा. एकट्याला जमत नसेल तर घरातल्या कुणाकडून फोटो काढून घ्या. मुळाशी केसाभोवती पारदर्शक, मेणासारखी नळी अडकलेली दिसली तर ते डेमोडेक्सचं लक्षण. वरवर विखुरलेले पिवळट कण असतील तर कोंडा.

मग खालची पापणी बोटाने किंचित खाली ओढा. निरोगी कड गुळगुळीत असते. त्रास असेल तर कडेवर तांबड्या बारीक शिरा दिसतात, ग्रंथींची तोंडं पिवळ्या टिकल्यांसारखी वर आलेली असतात, कधी कोपऱ्यात साबणासारखा फेस असतो. कडेखाली बोटाने अगदी हलकं दाबल्यावर स्वच्छ तेलाचा थेंब यायला हवा. टूथपेस्टसारखं घट्ट काही आलं, किंवा काहीच आलं नाही, तर ग्रंथी तुंबल्या आहेत.

लेन्स काढल्यावर खाज वाढते, दोऱ्यासारखी चिकट चिपडं येतात आणि दिवसभर लेन्स वर सरकत राहते, अशी तक्रार असेल तर दोष वरच्या पापणीच्या आतल्या अस्तरावर आलेल्या फोडांचा असू शकतो. जुन्या लेन्सवर साचलेल्या प्रथिनांच्या थराने हे होतं. पापणी उलटवून डॉक्टरांनीच ते बघायचं असतं, शेकाने जात नाही.

कधी घरी काहीच करायचं नाही

पापणीची सूज बहुधा दोन्ही डोळ्यांना असते आणि तिने नजर कायमची कमी होत नाही. एकच डोळा लाल झाला, ठणकतोय, उजेड सोसत नाही, दिसणं कमी झालंय किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसतोय, यांपैकी एक जरी असेल तरी ती पापणीची गोष्ट नाही. तो बुबुळावरचा संसर्ग असू शकतो. लेन्स वापरणाऱ्यांमध्ये सुडोमोनास नावाचा जंतू एक-दोन दिवसांत बुबुळाची नासाडी करतो. दोन्ही लेन्स काढा, फेकू नका. डबीत त्याच सोल्यूशनमध्ये ठेवून डबीसकट त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा, कारण जंतू शोधायला ती डबीच उपयोगी पडते. डोळ्यावर पट्टी बांधू नका. गोव्यात सरकारी सोय हवी असेल तर बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, नेत्रविभाग आहे.

फार्मसीत 'डोळे लाल झालेत' म्हटल्यावर मिळणाऱ्या थेंबांत पुष्कळदा स्टेरॉइड असतं. लाली दोन दिवसांत उतरते, म्हणून ते आवडतंही. पण संसर्ग बुरशीचा असेल तर स्टेरॉइड तिला खतपाणी घालतं, आणि आपल्या दमट हवेत, भातशेतीच्या मुलखात, बुबुळाची बुरशी ही दुर्मीळ गोष्ट नव्हे. कापणी-मळणीत डोळ्यात तूस गेल्यानंतर लाली आली असेल तर ही गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगा. महिनोन्महिने स्वतःच्या मनाने घातलेल्या स्टेरॉइडने डोळ्यातला दाबही वाढतो.

शेक: इथेच बहुतेक जण चुकतात

'गरम पाण्याने शेका' एवढंच सांगितलं जातं. लोक रुमाल बुडवतात, अर्धा मिनिट धरतात, गार झाला की झालं. थिजलेलं तेल पातळ व्हायला पापणीला साधारण ४० अंशांची ऊब सलग ८ ते १० मिनिटं लागते. ओला रुमाल पंख्याखाली दोन मिनिटांत गार पडतो, म्हणून पंखा बंद करा आणि दोन रुमाल घ्या.

थर्मामीटर नसला तरी चालेल. एक भाग उकळतं पाणी आणि तीन भाग नळाचं साधं पाणी मिसळलं की आपल्याकडच्या हवेत साधारण ४५ अंशांचं पाणी होतं. झाकणाच्या डब्यात किंवा थर्मासमध्ये ते भरून जवळ ठेवा. जाड सुती रुमालाची चौपदरी घडी करा, बुडवा, पिळा, मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहा. ऊब सुखाची वाटली पाहिजे, चटका नाही. चटका बसला तर घडी उलगडून झटका आणि पुन्हा लावून पाहा. मग डोळे मिटून दोन्ही पापण्यांवर ठेवा. डोळा दाबायचा नाही. गरम पापणीवरून बुबुळ दाबलं तर काही वेळ अंधुक दिसतं आणि रोज दाबल्याने बुबुळाच्या आकाराला धोका असतो. दीड-दोन मिनिटांनी दुसरा रुमाल. असे पाच फेरे.

पाण्याचा पसारा नको असेल तर धुतलेल्या सुती मोज्यात दोन मुठी कोरडे तांदूळ भरून गाठ मारा आणि मायक्रोवेव्हमध्ये २० सेकंद ठेवा. बाहेर काढल्यावर नीट हलवा, कारण आत एखादी जागा फार तापलेली असते, आणि मनगटाची परीक्षा इथेही. तव्यावर तापवायच्या फंदात पडू नका. मधुमेहाने त्वचेची जाणीव कमी झालेल्यांनी मोजा वापरूच नये, ओला रुमाल बरा.

शेक संपल्यावर लगेच, तेल पुन्हा घट्ट व्हायच्या आत, मालिश. एका हाताच्या बोटाने डोळ्याचा बाहेरचा कोपरा कानाकडे ताणून धरा, म्हणजे पापणी सैल राहत नाही. दुसऱ्या हाताच्या बोटाने वरची पापणी वरून खाली आणि खालची पापणी खालून वर, म्हणजे दोन्हींकडे केसांच्या दिशेने, ५ ते १० वेळा निपटा. जोर टूथपेस्टच्या जवळपास संपलेल्या ट्यूबला लावतो त्याच्या पावपट. आडवं चोळून काही होत नाही. ग्रंथी उभ्या आहेत.

मग कड धुणं

तयार लिड वाइप्स किंवा पापणीसाठीचा फेस मिळत असेल तर तेच उत्तम. नसेल तर उकळून कोमट केलेल्या पाण्यात बेबी शाम्पू, एक भाग शाम्पूला दहा भाग पाणी. दोन-चार दिवसांत कड जास्तच कोरडी पडली, चुरचुरली तर शाम्पू सोडा. सगळ्यांना तो मानवत नाही. एक कप उकळून गार केलेल्या पाण्यात पाव चमचा खाण्याचा सोडा हाही पर्याय आहे, मात्र रोज ताजं करायचं.

स्वच्छ कापसाची काडी त्यात भिजवून निथळवा. डोळा मिटून वरच्या केसांच्या मुळाशी आडवी, हलक्या हाताने, अर्धा मिनिट फिरवा. खालच्या पापणीसाठी वर बघा. काडी कडेच्या आत, डोळ्याच्या बाजूला जाऊ द्यायची नाही. प्रत्येक डोळ्याला नवी काडी. सुटलेल्या खपल्या ओल्या कापसाने पुसून घ्या, न सुटणाऱ्या नखाने काढू नका. त्या उद्याच्या शेकाला सुटतील.

डेमोडेक्सवर टी ट्री तेलाचा गुण आहे खरा, पण बाटलीतलं निव्वळ तेल पापणीला लावलं तर डोळा भाजतो. त्यातला घटक बेताने घातलेले वाइप्स मिळतात, ते वापरा. अमेरिकेत २०२३ साली खास या किड्यासाठी लोटिलानर नावाच्या थेंबांना मंजुरी मिळाली आहे. उशीचे अभ्रे आणि तोंड पुसायचे पंचे आठवड्याला गरम पाण्यात धुवा. पावसात ते चार-चार दिवस सुकत नाहीत, तेव्हा शेवटी गरम इस्त्री फिरवून वाळवा.

शेक, मालिश, धुणं हे सकाळ-संध्याकाळ निदान दोन ते चार आठवडे. पहिल्या आठवड्यात फरक दिसला नाही म्हणून बरेच जण सोडतात. ग्रंथी मोकळ्या व्हायला तेवढा वेळ लागतोच.

या काळात लेन्सचं काय

कड लाल आणि सुजलेली असेल तर लेन्स बंद, निदान दोन आठवडे. इथे खरी अडचण वेगळीच निघते: चष्म्याचा नंबर चार वर्षांपूर्वीचा असतो. लेन्स वापरणाऱ्या प्रत्येकाकडे आजच्या नंबरचा चष्मा हवाच, नाहीतर दुखरा डोळा घेऊन माणूस नाइलाजाने लेन्स घालतो आणि स्कूटर काढतो.

पुन्हा सुरुवात करताना जुनी जोडी आणि जुनी डबी टाकून द्या. पैसे वाचवायला तीच लेन्स घातली तर जंतू आणि चिकटा पुन्हा पापणीवर. पहिल्या दिवशी ४ तास, मग रोज तास-दोन तासांनी वाढवत जा. परवडत असतील तर रोजच्या वापरून फेकायच्या लेन्स पापणीच्या रुग्णांना सगळ्यात बऱ्या, कारण साचायला वेळच मिळत नाही. महिन्याची लेन्स ही पाकीट फोडल्यापासून ३० दिवसांची. 'मी तर आठवड्यातून दोनदाच घालते' हा हिशेब तिथे चालत नाही.

क्रम लक्षात ठेवा. रात्री आधी लेन्स काढायची, नंतर शेक. सकाळी शेक-धुणं झाल्यावर हात पुन्हा धुवायचे आणि अर्धा तास थांबून लेन्स घालायची. मालिशीने निघालेलं तेल लेन्सला लागलं तर दिवसभर धुरकट दिसतं. मलम लावायचं असेल तर ते रात्रीच, लेन्स काढल्यावर. थेंबही लेन्सवरून नाही, घालण्याआधी १५ मिनिटं: बऱ्याच बाटल्यांत बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे संरक्षक असतं, सॉफ्ट लेन्स ते शोषून घेते आणि मग हळूहळू डोळ्यात सोडत राहते. कृत्रिम अश्रू दिवसातून चारापेक्षा जास्त वेळा लागत असतील तर संरक्षक नसलेल्या छोट्या कुप्या घ्या.

डबी, न्हाणीघर आणि पाऊस

लेन्सच्या डबीची सगळ्यात वाईट जागा म्हणजे न्हाणीघरातलं कपाट. जूनपासून तिथल्या भिंतीवर जी काळी बुरशी चढते, तिचे बीजाणू हवेत असतातच. डबी बेडरूममध्ये ठेवा. सकाळी लेन्स घातली की उरलेलं सोल्यूशन ओतून टाका, ताज्या सोल्यूशनने डबी खळबळा, कोऱ्या टिश्यूने आतून पुसा आणि झाकणं काढून पालथी घाला. पावसाळ्यात नुसती पालथी घातलेली डबी संध्याकाळपर्यंत ओलीच राहते. म्हणून पुसणं टाळू नका, आणि जमल्यास दोन डब्या आलटून पालटून वापरा. जास्तीत जास्त तीन महिन्यांनी डबी नवी.

रात्री लेन्स तळहातावर घेऊन सोल्यूशनचे थेंब टाकून प्रत्येक बाजूने १० ते २० सेकंद चोळा, बाटलीवर 'चोळायची गरज नाही' असं छापलेलं असलं तरी. मग धार सोडून धुवा आणि नव्या सोल्यूशनमध्ये बाटलीवर लिहिलेले तास बुडवून ठेवा, बहुधा ४ ते ६. कालच्या उरलेल्यात आज थोडी भर घालणं म्हणजे न धुतलेल्या भांड्यात दूध तापवणं. स्कूटरच्या डिकीत बाटली ठेवू नका, उन्हात तिथे भट्टी असते. सोल्यूशननेच डोळे चुरचुरत असतील तर हायड्रोजन पेरॉक्साइडचं सोल्यूशन विचारा, त्यात संरक्षक नसतं. पण ते त्याच्याच खास डबीत पूर्ण ६ तास ठेवावं लागतं आणि घाईत थेट डोळ्यात गेलं तर आगडोंब.

पाणी लेन्सला कुठलंच लावायचं नाही: नळाचं नाही, फिल्टरचं नाही, बांयचं (विहिरीचं) तर नाहीच. पाण्यात अकँथअमीबा नावाचा सूक्ष्मजीव असतो, तो लेन्सआड राहून बुबुळ पोखरतो आणि त्याचे उपचार कित्येक महिने चालतात. कडक लेन्स नळाखाली धुवायची जुनी सवय असलेल्यांनीही ती सोडावी. हात साबणाने धुऊन, कोऱ्या कपड्याने किंवा टिश्यूने पूर्ण कोरडे करून मगच लेन्सला हात लावा. ओल्या बोटावरचा थेंबही पाणीच.

समुद्रात, ओढ्यात, तरणतलावात लेन्स घालून उतरू नका. नंबर जास्त असेल तर नंबरचा गॉगल करून घ्या. चुकून उतरलातच तर बाहेर येताच लेन्स ओरबाडू नका. गोड्या पाण्याने सॉफ्ट लेन्स बुबुळाला घट्ट चिकटते आणि ओढल्यावर वरची त्वचा निघते. संरक्षक नसलेले कृत्रिम अश्रू घालून लेन्स हलायला लागेपर्यंत, दहा-पंधरा मिनिटं, थांबा, काढा आणि टाकून द्या. पावसात व्हायझर वर करून स्कूटर चालवणाऱ्यांच्या डोळ्यात पुढच्या गाडीने उडवलेलं पाणी जातं, तेव्हाही हाच नियम.

स्वयंपाक, काजळ, नाटक

मिरच्या चिरल्यावर साबणाने दोनदा हात धुतले तरी बोटांवर तिखट उरतं. आधी बोटांना तेल चोळा, मग साबण. आणि शक्यतो लेन्स काढायचं काम मिरचीआधी उरका. लेन्स मेकअप करायच्या आधी घालायची आणि मेकअप उतरवायच्या आधी काढायची. काजळ आणि लायनर केसांच्या बाहेरच्या बाजूला; आतल्या ओल्या कडेवर ओढलेली रेघ ग्रंथींच्या तोंडावर लिंपण घालते. घरी पाडलेलं तुपातलं काजळही त्याला अपवाद नाही.

जत्रेच्या नाटकात उभं राहणाऱ्यांसाठी हे आणखी महत्त्वाचं, कारण रंग रात्रभर चेहऱ्यावर असतो आणि पहाटे तो खोबरेलाने उतरवतात. रंगपटात गेल्यावर पहिलं काम म्हणजे हात धुऊन लेन्स काढणं, मग तेल. उलट केलं तर तेल लेन्समध्ये मुरतं आणि ती जोडी वाया जाते. रंगभूषेचा ब्रश दहा जणांच्या पापण्यांवरून फिरतो, तेव्हा डोळ्याभोवतीचा आपला ब्रश वेगळा ठेवा.

चार आठवड्यांनंतरही तसंच असेल तर

नेत्रतज्ज्ञ कडेला लावायला अँटिबायोटिक मलम किंवा अझिथ्रोमायसिन देतात, हट्टी तेलग्रंथींसाठी काही आठवडे पोटातून डॉक्सीसायक्लिन. ती गरोदरपणी आणि लहान मुलांना चालत नाही, भरपूर पाण्यासोबत बसून घ्यायची, घेतल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही आणि ती चालू असताना ऊन लवकर लागतं. मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइन घेत असाल, चेहऱ्यावर सतत लाली असेल किंवा डोक्यात कोंडा असेल तर ते डॉक्टरांना सांगा. मूळ तिथे असू शकतं. डोक्याचा कोंडा तसाच ठेवून पापणी धूत बसणं व्यर्थ.

पडद्यासमोर आपण निम्म्याहून कमी वेळा पापण्या मिटतो, तेही अर्ध्याच. एसी ऑफिसात बसणाऱ्यांनी वीस मिनिटांनी एकदा दहा वेळा पूर्ण, सावकाश पापण्या मिटाव्यात, वरची पापणी खालच्या पापणीला टेकेपर्यंत. एसीचा झोत तोंडावर असेल तर खुर्ची हलवा.

बरं वाटल्यावर शेक-धुणं दिवसातून एकदा, मग आठवड्यातून दोन-तीनदा. पूर्ण सोडलं तर त्रास परततो, कारण हा स्वभाव आहे, एकदाचा आजार नव्हे. मधूनमधून रांजणवाडी येते, तिलाही तोच शेक, फोडायची नाही. मात्र चाळिशीनंतर त्याच जागी पुन्हा पुन्हा गाठ येत असेल, किंवा एकाच पापणीची सूज हटत नसून तिथले केस गळत असतील, तर शेकत बसू नका. तेलग्रंथीचा कर्करोग असाच रांजणवाडीच्या वेषात येतो, आणि त्याची खात्री गाठीचा तुकडा तपासूनच होते.